अंड्याच्या पांढऱ्यातून लायसोझाइमचे क्रिस्टल: कॉलम न लावता प्रोटीन शुद्ध कसं करायचं

डझनभर अंड्यांच्या पांढऱ्यात साधारण सव्वा ग्रॅम लायसोझाइम, म्हणजे बॅक्टेरियाची पेशीभिंत फोडणारं एन्झाइम, असतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त, कॉलम (प्रोटीन वेगळी करणारे बारीक मणी, म्हणजे रेझिन, भरलेली नळी) न लावता, महागडं रेझिन न घेता, नुसतं मीठ, थोडा कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) आणि एक फ्रिज एवढ्यावर शुद्ध क्रिस्टल म्हणून बाहेर काढता येतं. ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांत बायोटेक किंवा बायोकेमिस्ट्री करणारी मुलं प्रोजेक्टच्या दिवसांत विचारत असतात की कमी खर्चात काय करता येईल, तर माझं उत्तर ठरलेलं, हे करा. यात प्रोटीन प्युरिफिकेशनचं जवळजवळ सगळं येतं आणि महापे-रबाळेच्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेलात तर मेथड पाठ न करता सांगता येते, कारण प्रत्येक पायरी का केली ते माहीत असतं.

ही पद्धत नवीन नाही. १९४६ साली ऑल्डर्टन आणि फेव्होल्ड या दोघांनी दाखवलं की अंड्याच्या पांढऱ्यात थेट ५ टक्के मीठ घालून, पीएच वाढवून आणि थोडे तयार क्रिस्टल सोडून थंडीत ठेवलं की लायसोझाइम आपोआप क्रिस्टल होऊन खाली बसतं. त्याच वर्षी केमिस्ट्रीचं नोबेल समनर, नॉर्थ्रॉप आणि स्टॅनली यांना मिळालं, आणि त्यातल्या समनरने १९२६ मध्ये यूरिएझ या एन्झाइमचे क्रिस्टल काढले होते ते जॅक बीनमधून, म्हणजे आपल्या अबईच्या गोत्रातल्या बियांमधून. त्याच्या लॅबमध्ये बर्फपेटी नव्हती म्हणून तो सिलिंडर खिडकीबाहेर ठेवून रात्री थंडी पडायची वाट बघायचा. आपल्याकडे घणसोलीत किंवा कळव्यात खिडकीबाहेर ठेवलंत तर सकाळी फक्त वास मिळेल, तेव्हा फ्रिज लागणारच.

क्रिस्टलमुळे शुद्धता का येते

अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रोटीनपैकी निम्म्याहून थोडं जास्त ओव्हाल्ब्युमिन, १२ टक्क्यांच्या आसपास ओव्होट्रान्सफेरिन, ११ टक्के ओव्होम्युकॉइड आणि फक्त साडेतीन टक्क्यांच्या आसपास लायसोझाइम. मग हे साडेतीन टक्केवालंच आधी बाहेर का पडतं? कारण त्याचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे ज्या पीएचला प्रोटीनवरचा एकूण चार्ज शून्य होतो तो, ११ च्या जवळ आहे आणि बाकीच्या मोठ्या मंडळींचा ४ ते ६ च्या आसपास. पीएच साडेनऊच्या पुढे नेला की लायसोझाइमवरचा चार्ज कमी होतो, त्यात मीठ असलं की त्याची विद्राव्यता आणखी घसरते, आणि त्याच वेळी ओव्हाल्ब्युमिन वगैरेंवर भरपूर निगेटिव्ह चार्ज असतो त्यामुळे ते मजेत विरघळलेले राहतात. वर क्रिस्टलच्या जाळीत एकाच आकाराचा रेणू नीट बसतो, दुसरा आला तरी तिथे टिकत नाही. बसायला वेळ दिला तरच हं. घाई केली तर सगळं एकत्र गोळा होऊन गाळ पडतो आणि गाळात निवड फार कमी असते.

हे एकदा डोक्यात नीट बसवा. प्रोटीनच्या द्रावणाच्या तीन अवस्था धरा. पहिलीत प्रोटीन विरघळलेलं आहे आणि काहीच होणार नाही. दुसरीत ते जरुरीपेक्षा जास्त विरघळलेलं आहे पण नवा क्रिस्टल स्वतःहून जन्माला येत नाही, मात्र आधीच एखादा असेल तर तो वाढतो. तिसरीत इतकं जास्त झालंय की जिकडेतिकडे एकदम कण जन्मतात किंवा सरळ गाळ होतो. आपल्याला दुसऱ्या अवस्थेत राहायचंय आणि सीड, म्हणजे वाढीला सुरुवात करून देणारे तयार बारीक क्रिस्टल, बाहेरून द्यायचंय. खाली जी काही खबरदारी सांगतोय, हळू घाला, थेंबथेंब घाला, हलवत राहा, ती सगळी चुकून तिसरीत उडी पडू नये म्हणून आहे.

सीड आधी, अंडी नंतर

बरेच जण अंडी फोडून मोकळे होतात आणि मग सीडची आठवण येते. बाटलीतून आलेलं लायसोझाइम हे बहुतेक वेळा फ्रीझ-ड्राय केलेली पावडर असते, ते सीड नाही, त्यात क्रिस्टलची मांडणी नसते. सीड बनवायला ती पावडर ०.१ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट बफरमध्ये, पीएच साडेचारच्या आसपास, मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम या हिशोबाने विरघळवा, गढूळ वाटलं तर सेंट्रीफ्यूजमध्ये स्पिन करून वरचं स्वच्छ घ्या, आणि त्याच बफरमध्ये केलेलं १० टक्के मिठाचं द्रावण तेवढ्याच आकारमानाचं त्यात हळूहळू मिसळा. एसीच्या खोलीत २० अंशांच्या आसपास रात्रभर ठेवलं की सकाळी तळाला चमकणारे कण दिसतात, मायक्रोस्कोपच्या १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली बघितलं तर टोकदार, नीट कडा असलेले. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ठेवू नका, कारण तापमान वाढलं की लायसोझाइमची विद्राव्यता वाढते, आणि २५ अंशांच्या वर क्रिस्टलची जातसुद्धा बदलू शकते.

हे क्रिस्टल छोट्या ट्यूबमध्ये काचेच्या दांडीने जरा चुरडा, ५ टक्के मिठाच्या थंड द्रावणात मिसळून फ्रिजमध्ये ठेवा. झालं सीड. पहिली बॅच यशस्वी झाली की त्यातलेच थोडे क्रिस्टल पुढच्या बॅचसाठी बाजूला काढा, ते याच पीएचला वाढलेले असतात म्हणून जास्त भरवशाचे.

अंडी

इथे दुकानदाराशी जरा विनोदी संवाद होतो, कारण आपण सांगतो, "काका, एकदम ताजी नकोत, चार-पाच दिवस झालेली द्या." ते आधी आपल्याकडे संशयाने बघतात, मग आनंदाने देतात. कारण साधं आहे. ताज्या अंड्याच्या पांढऱ्याचा पीएच साडेसातच्या पुढे असतो, जसजसा कवचातून कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो तसतसा तो ९ च्या वर चढतो आणि पांढरं पातळही होतं. म्हणजे आपलं अर्धं काम अंड्यानेच केलेलं असतं, कॉस्टिक कमी लागतो आणि गाळायला सोपं जातं. सडकं अंडं मात्र नको, प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा.

पिवळा बलक अजिबात येता कामा नये. त्यातली चरबी पुढे सगळीकडे चिकटत राहते, सेंट्रीफ्यूजला वर साय येते, पीएच मीटरचं इलेक्ट्रोड घाण होतं. एखादा बलक फुटला तर ते अंडं सरळ घरी ऑम्लेटला, अर्थात लॅबच्या भांड्यात फोडलं नसेल तरच. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो, ग्लोव्हज घाला, आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला या कामाला बसवू नका.

डझनभर अंड्यांतून साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास पांढरं मिळतं. ते मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा, जाड दोरीसारखे तुकडे वर राहतील ते सोडून द्या. मिक्सर लावू नका, एग बीटर तर नकोच, फेस आला म्हणजे हवेच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर प्रोटीन उलगडून खराब होतंय. मॅग्नेटिक स्टररवर सावकाश, भोवरा पडणार नाही इतक्या वेगाने फिरवा.

मीठ आणि पीएच

मीठ १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ३५० ला साडेसतरा ग्रॅम. लॅबचं सोडियम क्लोराईड घ्या, किराण्याच्या मिठात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पावडर असते आणि ती विनाकारण गढूळपणा आणते. खलबत्त्यात बारीक करून चिमूट चिमूट टाका, एक विरघळली की दुसरी. पाऊण तास गेला तरी चालेल. एकदम ओतलंत तर जिथे पडतं तिथे काही क्षण मिठाचं प्रमाण प्रचंड असतं आणि गाळ तयार होतो, जो नंतर मीठ सारखं पसरलं तरी परत नीट विरघळेलच असं नाही.

मग पीएच. १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, थेंबाथेंबाने, स्टरर चालू ठेवून, पीएच ९.५ पर्यंत. ड्रॉपरचं टोक भोवती द्रव फिरतोय अशा जागी धरा, भांड्याच्या कडेला नको. तीव्र अल्कलीत पांढऱ्याची पारदर्शक जेली होते, तुम्ही बघितली नसेल तर एका टेस्ट ट्यूबमध्ये मुद्दाम करून बघा, मग हात आपोआप हळू चालतो. पीएच मीटर त्याच दिवशी ७ आणि १० च्या बफरने कॅलिब्रेट केलेला हवा. फक्त ४ आणि ७ ने केलेला मीटर साडेनऊला काय वाचतो त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आणि इलेक्ट्रोड लगेच धुवा, प्रोटीन वाळलं की तो आळशी होतो.

या टप्प्यावर थोडे तंतू किंवा ढग दिसले तर पुन्हा फडक्यातून गाळा. ते बहुतेक ओव्होम्युसिन, पांढऱ्याला चिकट घट्टपणा देणारं प्रोटीन, असतं.

सीड टाकणं आणि वाट बघणं

आता मघाचं सीड घाला, इतक्या आकारमानाला थोडे मिलिग्रॅम पुरतात, एकदा सावकाश ढवळून बीकरवर पॅराफिल्म लावा आणि ४ अंशांना तीन-चार दिवस ठेवा. दिवसातून एक-दोनदा हलक्या हाताने हलवा म्हणजे सीड तळाला एकाच जागी बसून राहणार नाहीत.

फ्रिजबद्दल थोडं. कोल्ड रूम असेल तर उत्तम. साधा फ्रिज असेल तर बीकर मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे गोठू शकतं. थर्माकोलच्या डब्यात थंड पाणी घेऊन त्यात बीकर उभा ठेवा, मासळीवाल्याकडे मिळतो तसला डबा चालतो पण आधी दोनदा धुवा नाहीतर सगळी लॅब तुम्हाला शिव्या घालेल. त्या पाण्यामुळे दार उघडझाप केल्याने तापमान वरखाली होत नाही, आणि पावसाळ्यात लाइट तासभर गेली तरी फार बिघडत नाही. तापमान वर गेलं की बारीक क्रिस्टल आधी विरघळतात, परत खाली आलं की उरलेले मोठे वाढतात, म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही, पण दिवस वाढतात.

रोज एक थेंब स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघा. कव्हरस्लिप लावूनच. एसीच्या वाऱ्यात उघडा थेंब काही मिनिटांत वाळतो आणि त्यात साध्या मिठाचे सुरेख चौकोनी क्रिस्टल येतात, मग फोटो काढले जातात, स्टेटसला लागतात, आणि मागून कळतं की ते सोडियम क्लोराईड होतं. बीकरमध्ये ५ टक्क्याला मीठ कधीच क्रिस्टल होणार नाही, त्याची हद्द २६ टक्क्यांच्या आसपास आहे. खात्री करायची असेल तर सुईने दाबून बघा, प्रोटीनचा क्रिस्टल मऊ असतो, चुरा होतो, मिठाचा कडक असतो. दुसरी खूण, मिथिलीन ब्ल्यूचा अगदी पातळ थेंब द्या. प्रोटीन क्रिस्टलमध्ये साधारण निम्मं आकारमान पाण्याचं असतं, त्या वाटांतून रंग हळूहळू आत शिरतो. मिठात शिरत नाही.

काही झालंच नाही तर? चार दिवसांनी काहीच दिसत नसेल तर लगेच मीठ वाढवायचा मोह होतो, तो टाळा. आधी पीएच परत मोजा, बरेचदा तो खाली घसरलेला असतो. मग बीकरमधला थोडा द्रव स्लाइडवर घेऊन त्यात सीड टाका, कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलीनने बंद करा आणि थंडीत ठेवून काही तासांनी बघा. सीडच्या कडा गोल होऊन ते लहान होत असतील तर द्रावण अजून पहिल्या अवस्थेत आहे, पीएच १० कडे न्या. कडा धारदार राहिल्यात तर फक्त वेळ हवाय. आणि उलट झालं, दह्यासारखा पांढरा गाळ झाला, तर मायक्रोस्कोपखाली त्याला कडा दिसणार नाहीत. पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडने पीएच जरा खाली आणून बघा, विरघळला तर परत सावकाश वर चढा, नाही विरघळला तर स्पिन करून टाकून द्या आणि वरच्या द्रवात नवीन सीड घाला.

गोळा करणं, धुणं, परत क्रिस्टल करणं

क्रिस्टल जड असतात. बीकर न हलवता वरचा बराचसा द्रव ओतून बाजूला ठेवा, फेकू नका, आणि खालचा भाग ४ अंशांना कमी वेगाने स्पिन करा. तळाला पांढरा घट्ट थर क्रिस्टलचा, त्याच्यावर भुरकट सैल थर दिसला तर तो इतर कचरा, तो पिपेटने उचलून घ्या. मग पीएच ९.५ चं ५ टक्के मिठाचं बर्फासारखं थंड द्रावण थोडंसं घालून पेलेट, म्हणजे तळाचा तो थर, हलवा, परत स्पिन, असं दोन-तीन वेळा. साध्या पाण्याने धुवू नका, मीठ गेलं की क्रिस्टल विरघळायला लागतील आणि धुण्याच्या पाण्याबरोबर तुमचं प्रोटीन गटारात.

पहिल्या क्रिस्टलमध्ये अडकलेला मूळ द्रव असतोच, त्यामुळे परत क्रिस्टल करणं हा खरा शुद्धीकरणाचा भाग, आणि नेमका हाच कंटाळा करून सोडला जातो. पेलेट त्याच्या पाच ते दहा पट थंड पाण्यात घ्या, पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड थेंबाथेंबाने घालून पीएच ४.५ ते ५ ला आणा. मीठ कमी आणि पीएच आम्ल असलं की लायसोझाइम भराभर विरघळतं. जे विरघळत नाही ते आपलं नाही, स्पिन करून काढून टाका. आता स्वच्छ द्रवात मघासारखंच चिमूट चिमूट मीठ ५ टक्क्यांपर्यंत आणि परत ४ अंशांना. या वेळी बहुतेकदा सीडसुद्धा लागत नाही, पण थोडं द्याच, मग क्रिस्टल एकसारखे येतात.

पहिला राउंड अल्कलीत आणि दुसरा आम्लात करायचं कारण असं की जे चुकार प्रोटीन साडेनऊला सोबत आलं ते साडेचारला येईलच असं नाही. उदाहरणार्थ अ‍ॅव्हिडिन, पांढऱ्यात ते अगदी थोडं असतं पण त्याचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंटही १० च्या आसपास आहे, म्हणून एकाच पीएचला तीनदा करण्यापेक्षा हे चांगलं.

आकारमान शक्य तितकं लहान ठेवा. समजा वरच्या द्रवात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम विरघळलेलं राहतं, मग ५० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम गेलं आणि २०० मध्ये २०० गेलं, सरळ हिशोब आहे. दोन राउंड बहुतेक कामांना पुरतात, तिसऱ्यात शुद्धता किंचित वाढते आणि माल मात्र चांगलाच कमी होतो.

शुद्ध झालं हे कशावरून

क्रिस्टल दिसले म्हणजे शुद्ध, असं समजू नका. तीन गोष्टी करा. पहिली, १५ टक्क्यांचं एसडीएस जेल, ज्यात प्रोटीन आकारानुसार वेगवेगळ्या पट्ट्यांत (बँड) विभागतात, आणि एका लेनमध्ये मुद्दाम जास्त माल भरा. १४.३ किलोडाल्टनला जाड बँड येईलच, पण ४५ ला ओव्हाल्ब्युमिन आणि ७७ च्या आसपास ओव्होट्रान्सफेरिन किती फिकट आहे ते जास्त भरलेल्या लेनमध्येच कळतं.

दुसरी, २८० नॅनोमीटरला शोषण. लायसोझाइममध्ये सहा ट्रिप्टोफॅन आहेत म्हणून मिलिलिटरला १ मिलिग्रॅमचं वाचन जवळजवळ २.६४ येतं, एवढं जास्त की बीएसए, म्हणजे तुलनेला नेहमी वापरतात ते गाईच्या रक्तातलं प्रोटीन, त्याच्या आकड्याने हिशोब केला तर प्रोटीन चौपट दिसेल. कच्च्या पांढऱ्यासाठी मात्र २८० वापरू नका, तिथे बाययुरेट, म्हणजे रंगावरून एकूण प्रोटीन मोजायची टेस्ट, करा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, अ‍ॅक्टिव्हिटी. मायक्रोकॉकस ल्युटियसच्या वाळवलेल्या पेशी, जुन्या लेबलवर लायसोडायक्टिकस लिहिलेलं असेल, पीएच ६.२४ च्या ६६ मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये इतक्या घ्या की ४५० नॅनोमीटरला ०.६ ते ०.७ वाचन येईल. अडीच मिलिलिटरमध्ये ०.१ मिलिलिटर एन्झाइम घाला आणि २५ अंशांना पेशी फुटून गढूळपणा कमी होतो तसं वाचन कसं घसरतं ते बघा. मिनिटाला ०.००१ घसरण म्हणजे १ युनिट. चांगल्या लायसोझाइमला मिलिग्रॅममागे ४० हजार किंवा त्याहून जास्त युनिट येतात, म्हणून कच्चं पांढरंसुद्धा काही शे पट पातळ करावं लागतं, नाहीतर पहिल्या दहा सेकंदात सगळं संपून जाईल. पातळ केल्याने मीठही कमी होतं, ते जास्त राहिलं तर वाचन खोटं कमी येतं.

आता तक्ता मांडा, प्रत्येक पायरीला एकूण प्रोटीन, एकूण युनिट, मिलिग्रॅममागे युनिट. सुरुवातीला लायसोझाइम साडेतीन टक्के असेल तर पूर्ण शुद्ध झाल्यावर मिलिग्रॅममागची अ‍ॅक्टिव्हिटी जास्तीत जास्त २८ ते ३० पट वाढू शकते. तुमच्या तक्त्यात ६० पट आलं असेल तर अभिनंदन नाही, मोजमापात घोळ आहे, बहुतेक कच्च्या पांढऱ्याची अ‍ॅक्टिव्हिटी कमी मोजली गेलीय. व्हायव्हाला हा एक आकडा विचारला की कोणी खरंच केलंय ते कळतं.

साठवण

लगेच वापरायचं नसेल तर ५ टक्के मिठातच क्रिस्टल ओलसर ठेवा, ४ अंशांना छान टिकतात. कोरडी पावडर हवी असेल तर आम्लात विरघळवून थंड डिस्टिल्ड पाण्यासमोर डायलिसिस (बारीक छिद्रांच्या नळीतून मीठ बाहेर जाऊ देणं) करा आणि मग फ्रीझ-ड्राय. डायलिसिसची नळी साडेतीन किलोडाल्टन कट-ऑफची, म्हणजे त्याहून मोठे रेणू आत अडवणारी, घ्या. लॅबमध्ये पडून असते ती साधारण १२ ते १४ ची, आणि आपलं प्रोटीन १४.३, म्हणजे रात्रभरात बादलीत लायसोझाइम आणि नळीत पाणी. हे क्रिस्टल ऐरोलीहून ठाण्याला किंवा वाशीला दुसऱ्या लॅबमध्ये न्यायचे असतील तर बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला थेट टेकवून नाही, आणि दुपारच्या लोकलने तर नकोच.

एक्स-रेने प्रोटीनची रचना काढायला हे क्रिस्टल चालतील का असं विचारतात. शुद्धीकरणाला बारीक, भरपूर, पटकन बसणारे क्रिस्टल हवेत, स्ट्रक्चरसाठी एकच मोठा आणि निर्दोष हवा, त्यासाठी हेच शुद्ध प्रोटीन घेऊन हँगिंग ड्रॉपने, म्हणजे काचेखाली लटकत्या थेंबात, नव्याने वाढवतात. खारघरला कॅन्सर संशोधन करणाऱ्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये प्रोटीन क्रिस्टलोग्राफीचं काम चालतं, आणि सिंक्रोट्रॉन, म्हणजे अतिशय तीव्र एक्स-रे देणारं यंत्र, हवा असेल तर इंदूरला इंडस-२ वर त्याची बीमलाइन आहे. दुसऱ्या प्रोटीनला हीच कृती जशीच्या तशी लागू होत नाही. इन्सुलिन झिंकच्या सोबतीने क्रिस्टल होतं आणि औषध उद्योगात तो शुद्धीकरणाचा नेहमीचा टप्पा आहे, पण तुमचं क्लोन केलेलं एखादं नवीन प्रोटीन सरळ लायसेटमधून (फोडलेल्या पेशींच्या द्रवातून) क्रिस्टल होईल अशी आशा धरू नका, तिथे कॉलमच लावा.

आणि तो बाजूला ठेवलेला वरचा द्रव. बेसिनमध्ये ओतून वर गरम पाणी सोडू नका, पाइपात अंडं शिजेल. त्यापेक्षा पीएच न्यूट्रलला आणून अमोनियम सल्फेट अर्ध्या सॅच्युरेशनपर्यंत घाला, पडलेला गाळ काढून टाका, आणि उरलेल्या स्वच्छ द्रवात पातळ अ‍ॅसिड थेंबाथेंबाने घालत पीएच ४.६-४.७ कडे न्या, पहिला कायमचा गढूळपणा दिसला की थांबा आणि थंडीत ठेवा. ओव्हाल्ब्युमिनचे सुयांसारखे क्रिस्टल येतात, आणि ते लायसोझाइमपेक्षा कितीतरी जास्त असतं, तेव्हा बाटली मोठी घ्या.